परसबागेतली कीड: फवारणीच्या आधी काय करायचं, आणि फवारणी करायचीच झाली तर कशी

पानाला भोक दिसलं की बहुतेकांचा हात आधी स्प्रेच्या बाटलीकडे जातो. आत नीमतेल असो, आंबट ताक असो की गोमूत्र, "सेंद्रियच आहे, मारायला काय हरकत" असं वाटतं. हरकत आहे. नीमतेलाची चुकीच्या वेळी केलेली फवारणी मधमाश्यांना त्रास देते, साबणाचं दाट पाणी पान करपवतं, आणि खोडाच्या आत बसलेल्या अळीला या दोन्हींचा पत्ताही लागत नाही. कीड कोणती आहे हे न पाहता मारलेलं औषध सेंद्रिय असलं तरी वायाच जातं.

गच्चीवर कुंड्या असतील किंवा घरामागे दोन-चार वाफे असतील, वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, काकडी-दोडका, थोडी पालेभाजी, एखादी जास्वंद, लिंबू आणि कढीपत्ता एवढा पसारा असेल, तर कीड आटोक्यात ठेवण्याचं बरंचसं काम डोळे, बोटं, कात्री आणि पाण्याची नळी यांनी होतं. फवारणी सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत आणि त्याच क्रमाने करून पाहाव्यात, ही आग्रहाची विनंती.

पायरी १: आठवड्यातून दोनदा पान उलटून बघा

सकाळी ऊन चढायच्या आत दहा मिनिटं काढा. दहा पटींचं छोटं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. प्रत्येक झाडाच्या पाच जागा तपासायच्या: कोवळा शेंडा, मधल्या पानांची मागची बाजू, फुलाचा आतला भाग, खोडाचा बुंधा आणि कुंडीचा तळ. पानाच्या वरच्या बाजूला जे दिसतं ते झालेलं नुकसान असतं. ते करणारे बहुतेक सगळे मागच्या बाजूला बसलेले असतात.

फुलकिडे (थ्रिप्स) आणि कोळी (जाळं विणणारा कोळी नव्हे, रस शोषणारे बारीक माइट) नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यासाठी शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर समजायचं. लांबट, पिवळसर ठिपके भराभर पळाले तर फुलकिडे. गोल ठिपके संथ सरकले आणि बोटाने पुसल्यावर लालसर रेघ उमटली तर लाल कोळी.

पानं रात्रीतून फस्त होत असतील आणि दिवसा कोणीच सापडत नसेल, तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन एकदा फेरी मारा. गोगलगायी, भुंगेरे आणि काही अळ्या तेव्हाच बाहेर येतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय दिसलं ते दोन शब्दांत लिहून ठेवा: "मिरची, फुलकिडे, थोडे". पुढच्या वेळी कीड वाढली की घटली, हे त्यावरूनच कळतं आणि उपाय चालतोय का तेही.

पायरी २: नुकसान कोणी केलं ते ओळखा

किडींचे ढोबळ दोन गट धरा: रस शोषणाऱ्या आणि कुरतडणाऱ्या-पोखरणाऱ्या. हा फरक कळला तर निम्म्या चुकीच्या फवारण्या टळतात. साबणाचं पाणी रस शोषणाऱ्या मऊ किडींवर चालतं, पोखरणाऱ्या अळीवर नाही. बीटी पावडर (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूची, तिच्याबद्दल पायरी ७ मध्ये) अळीवर चालते, माव्यावर नाही.

पान चिकट लागतंय, त्यावर काळी बुरशी धरतेय आणि खोडावरून मुंग्यांची रांग चाललीय, तर वर मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी आहे. या किडी रस पितात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. मुंग्या त्या गोडासाठी येतात आणि बदल्यात किडीची राखण करतात.

भेंडी-वांग्याची पानं कडेने पिवळी पडून वर वळली आणि नंतर तांबूस झाली, तर तुडतुडे. पान उलटताक्षणी हिरवे, पाचरीच्या आकाराचे किडे तिरके चालत दुसऱ्या बाजूला पळतात. तिरकी चाल हीच त्यांची खूण.

मिरचीच्या चुरड्या-मुरड्याला लोक सरसकट एकच रोग समजतात आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद आणि लांबट झालं असेल तर कोळी. पानं बारीक राहून गुच्छ झाला, झाडाची वाढच खुंटली आणि पांढरी माशीही दिसते, तर विषाणू. पहिल्या दोन प्रकारांत झाड सावरतं. विषाणूवर कोणतंही औषध नाही, ते झाड उपटून टाकायचं. भेंडीच्या शिरा पिवळ्या होणं, म्हणजे केवडा, हाही पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूच. एक झाड ठेवून बघू म्हटलं की आळ्यातली बाकीची जातात.

पानाला भोकं आहेत आणि जवळ काळी-हिरवी विष्ठा पडलेली आहे, तर अळी. विष्ठा नाही पण वाळलेला चकचकीत माग दिसतो, तर गोगलगाय. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा, तर नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते, म्हणून वरून मारलेलं तिला फारसं लागत नाही. चार-दोन पानं असतील तर खुडून टाकणं पुरतं.

आणि पान नुसतं पिवळं पडून गळत असेल, कीड कुठेच सापडत नसेल, तर आधी कुंडीच्या मातीत बोट घाला. पाणी जास्त होण्याची लक्षणं किडीच्या नावावर खपतात.

पायरी ३: मारण्याआधी मित्र कोण ते बघा

माव्याने भरलेल्या फांदीवर एक राखाडी-काळा, लांबट, सहा पायांचा, अंगावर बारीक काटेरी उंचवटे आणि नारिंगी ठिपके असलेला किडा फिरताना दिसतो. दिसायला तो भयंकर, म्हणून बऱ्याच घरांत सगळ्यात आधी तोच चिरडला जातो. ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मोठा किडा सगळे ओळखतात, त्याच्या अळीला कोणी ओळखत नाही. मावा खाण्यात ती मोठ्या किड्याच्या बरोबरीची. भिंग लावून थोडा वेळ बघा: ती एकेक मावा तोंडात धरून रिकामा करत पुढे सरकते.

पानाच्या मागे केसासारख्या देठावर एकेक पांढरं अंडं उभं दिसलं, तर ते क्रायसोपाचं, म्हणजे ज्याची अळी मावा खाते त्या मित्रकिड्याचं. पाय नसलेली, हिरवट, अर्धपारदर्शक अळी माव्याच्या वसाहतीत दिसली, तर ती सिरफिड माशीची. फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले मावे दिसले, तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढताहेत. अशी फांदी कापू नका आणि तिच्यावर काही मारूही नका. आठवडाभर थांबा.

हे मित्र किती मोठं काम करतात याचं आपल्याकडचं ढळढळीत उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं आहे. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेतली ही कीड २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा आढळली आणि पपई, तुती, जास्वंद असं जे सापडेल त्यावर पसरत महाराष्ट्रापर्यंत आली. औषधं मारून ती हटेना, कारण अंगावरच्या मेणामुळे फवारा आतपर्यंत पोचत नव्हता. अखेर २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तिचे नैसर्गिक शत्रू आणले. त्यात ॲसेरोफेगस पपायी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी होती. ती सोडल्यावर जिथे तिचं बस्तान बसलं तिथे कीड आटोक्यात आली.

मित्रकिडी राहाव्यात यासाठी दोन गोष्टी पुरतात. बागेत कोथिंबीर, बडीशेप किंवा शेपूचं एखादं झाड फुलावर येऊ द्या, कारण प्रौढ गांधीलमाश्या आणि सिरफिड माश्या त्यांच्या बारीक फुलांतल्या मधावर जगतात. आणि थोडा मावा सहन करा. खायलाच काही उरलं नाही तर ढालकिडा थांबेल कशाला?

पायरी ४: हात, पाणी आणि कात्री

मावा, कोळी आणि पांढऱ्या माशीची पिल्लं यांच्यावर पहिला उपाय नुसतं पाणी. नळीच्या तोंडावर अंगठा धरून धार जोरात करा, दुसऱ्या हाताने फांदीला आधार द्या आणि पानांच्या मागच्या बाजूने खालून वर धार मारा. सकाळीच करा, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतात. एक दिवसाआड तीन वेळा केलं की खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. फेब्रुवारी ते मे या कोरड्या उन्हात लाल कोळ्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून त्या महिन्यांत ही धुलाई नेमाने चालू ठेवावी.

मुंग्यांचा रस्ता तोडा. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा, किंवा खोडाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फासा. थेट सालीवर व्हॅसलीन लावू नका. राखणदार हटले की ढालकिड्याला वाट मोकळी होते, आणि एवढ्यावरच बरीच झाडं सुधारलेली दिसतात.

मोठ्या अळ्या हाताने वेचा. लिंबू-कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवीगार होते. झाड मोठं असेल तर तिला राहू द्या, रोप लहान असेल तर उचला. काकडी-भोपळ्यावरचे लाल भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात. तेव्हा पानाखाली साबणाच्या पाण्याचा डबा धरून फांदी झटकली की ते टपाटप पडतात. कोवळ्या वेलांवर दव असताना चाळलेली राख भुरभुरण्याची जुनी पद्धत या भुंगेऱ्यांपुरती चांगली आहे. पाऊस पडला की पुन्हा करावी लागते.

पायरी ५: जाळी, सापळे, सोबतीची झाडं

पांढरी माशी, तुडतुडे आणि मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात, फुलकिडे निळ्याकडे. चिकट सापळे विकत मिळतात, किंवा पिवळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एरंडेल तेल फासून घरी करता येतात. झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगा. सापळ्याने कीड संपत नाही. ती आली आहे, वाढते आहे, एवढं तो सांगतो. त्यावर ढालकिडे किंवा मधमाश्या चिकटायला लागल्या तर तो उतरवून ठेवा.

टोमॅटोजवळ उंच वाढणारा झेंडू लावा. फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची, तो अंडी घालायला झेंडूच्या फुलांना पसंती देतो. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची शिफारस शेतासाठी टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी आहे, आणि त्यात झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा सुमारे पंधरा-वीस दिवसांनी मोठं घेतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात. घरी चार टोमॅटोंमागे एक झेंडू पुरे. मात्र झेंडूच्या फुलांतल्या अळ्या वेचल्या नाहीत, तर आपण त्यांना पोसतोय असं होईल. कोबी-फ्लॉवरजवळ मोहरी पेरतात तीही याच कारणाने.

रोपवाटिकेवर मात्र बारीक जाळी हवीच. मिरची-टोमॅटोची रोपं पहिले तीस दिवस पांढऱ्या माशीपासून वाचली, तर विषाणूचा धोका पुष्कळ कमी होतो. जुन्या पातळ ओढणीचंही काम भागतं, कडा मातीत दाबल्या म्हणजे झालं.

पायरी ६: फवारणी करायचीच झाली तर

आधी साबणाचं पाणी. एक लिटर पाण्यात ५ मिली साधा द्रवरूप साबण किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, ती पानं जाळते. साबण किडीच्या अंगाला प्रत्यक्ष लागला तरच काम करतो आणि सुकला की संपला, म्हणून पानांच्या मागे ओथंबेपर्यंत मारायचा आणि दोन तासांनी साध्या पाण्याने धुवायचा.

त्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क. विकतच्या नीमतेलापेक्षा मी घरच्या निंबोळी अर्काला जास्त मानते, कारण तो ताजा असतो आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं. शिफारस ५ टक्क्यांची आहे, म्हणजे एक लिटरला ५० ग्रॅम निंबोळी. घरगुती बागेसाठी दोन लिटर करू:

१. वाळलेल्या १०० ग्रॅम निंबोळ्या खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड कुटा. मिक्सर वापरलात तर त्याचं भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका, कडवटपणा जात नाही.

२. ती भरड पातळ सुती फडक्यात सैल बांधा आणि एक लिटर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा.

३. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा पिळा. पाणी दुधाळ, फिकट तपकिरी होतं आणि उग्र वास येतो. पिळून रंग येणं थांबेपर्यंत हे करत राहा. घाई केली तर अर्क फडक्यातच राहतो.

४. दुसऱ्या फडक्याने गाळा आणि पाणी घालून दोन लिटर पुरे करा.

५. त्यात ४ ग्रॅम साधा साबण थोड्या पाण्यात विरघळवून मिसळा. अर्क पानाला चिकटायला त्याची मदत होते.

६. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, झाडाच्या बुंध्यात ओता.

संध्याकाळीच का? निंबोळीतलं मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं, आणि संध्याकाळी मधमाश्या परतलेल्या असतात. हे द्रव्य किडीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं कमी होतं, कात नीट टाकता येत नाही, पुढची पिढी घटते. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून "काही उपयोग नाही" असं ठरवू नका. पाच-सहा दिवसांनी मोजा. अंड्यांवर परिणाम फारसा होत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्या लागतात. एकच करून सोडून दिलं की अंड्यांतून निघालेली पिल्लं पुन्हा भरतात.

निंबोळ्या नसतील तर कृषी सेवा केंद्रातून तयार नीम-औषध घ्या. बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असं लिहिलेलं असतं. १५०० पीपीएमचं असेल तर लिटरला ५ मिली, १०,००० पीपीएमचं असेल तर २ ते ३ मिली. साधं नीमतेल घेतलंत तर लिटरला ३ ते ५ मिली. तेल थेट पाण्यात टाकलं की वर तरंगतं. पेलाभर कोमट पाण्यात आधी साबण मिसळा, मग थेंब थेंब तेल घालून हलवा, सगळं पांढरं एकजीव झालं की बाकीचं पाणी घाला. फवारतानाही बाटली अधूनमधून हलवत राहा.

कोणतीही फवारणी पहिल्यांदा करताना दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. तहानलेल्या झाडावर फवारू नका, आदल्या दिवशी पाणी द्या. फवारल्यानंतर भाजी दोन-तीन दिवसांनीच तोडा आणि धुऊन वापरा.

लाल कोळी फारच माजला असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. सेंद्रिय शेतीत ते चालतं. मात्र पारा ३२ अंशांच्या वर असेल तर पानं करपतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे गंधक मारायचं नाही. वेलावर भुरी, म्हणजे पांढरी पावडर दिसली, तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा मारून बघा. सुरुवातीला पकडली तर हे पुरतं.

पायरी ७: बीटी आणि बुरश्या

बॅसिलस थुरिंजेन्सिस, सगळे ज्याला बीटी म्हणतात, हा मातीतला जिवाणू. त्याची पावडर लिटरला १ ते २ ग्रॅम घेऊन पानांवर मारतात. अळीने ते पान खाल्लं की तिच्या आतड्यात विष सुटं होतं, काही तासांत खाणं थांबतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. लहान अळीवर चांगलं चालतं, बोटाएवढ्या अळीवर नाही, तिला हातानेच उचला. ढालकिडे आणि मधमाश्या यांना बीटीपासून धोका नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी, ब्युव्हेरिया बॅसियाना अळ्या आणि भुंगेऱ्यांसाठी, आणि मेटारायझियम मातीत राहून मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम. या बुरश्या जिवंत असतात आणि त्यांना हवेत ओलावा लागतो, म्हणून पावसाची उघडीप, ढगाळ संध्याकाळ ही त्यांची वेळ. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्यावर पैसे घालवू नका. गंधक किंवा तांबं असलेलं काहीही त्यांच्याबरोबर किंवा लगेच पुढे-मागे मारायचं नाही. घेताना तारीख बघा, आणि दुकानात पाकीट उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊच नका. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथली कृषी विद्यापीठं आणि जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे चौकशी करा. पाकीट सहसा मोठं असतं, तेव्हा चार शेजाऱ्यांनी मिळून आणलेलं बरं.

हट्टी प्रकरणं

वांग्यावरची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी फवारणीने जात नाही, कारण अंड्यातून निघाल्यावर लगेचच ती आत शिरते. एक शेंडा अचानक मान टाकून लोंबलेला दिसला की तो त्याच दिवशी, सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा. शेंडा उभा चिरून पाहिलात तर आत पांढरट-गुलाबी अळी सापडते. कापलेले शेंडे आणि भोक पडलेली वांगी कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. झाडं मोजकी असतील तर त्यांच्यावर सरळ जाळीचा डेरा घाला आणि सकाळी फुलांच्या फांद्या हलक्या हाताने झटका. वांग्याचं परागीभवन तेवढ्यावर होतं.

काकडी, दोडका, कारलं यांना फळमाशी लागते. कोवळ्या फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब आणि त्या जागी फळ वाकडं होणं, ही खूण. आत अळ्या असतात, वरून काही मारून उपयोग नाही. फूल गळून फळ बोटाएवढं झालं की त्यावर कागदाची किंवा कापडाची पिशवी चढवा. क्यू ल्युअरचा (फळमाशीच्या नरांना वासाने ओढणाऱ्या द्रव्याचा) कामगंध सापळा बागेच्या कडेला लावा, वेलांच्या मध्ये नको. तो फक्त नर पकडतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये. किडलेली फळं रोज उचला. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोश करते, म्हणून वेलाखालची माती आठवड्याने वरवर हलवत राहा.

जास्वंदीचा पिठ्या ढेकूण संयमाची परीक्षा बघतो. आधी सगळ्यात भरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधा. उरलेल्या फांद्यांवर सॅनिटायझरच्या अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, तो मेण विरघळवतो. दुसऱ्या दिवशी पाण्याची धार, मग साबणाचं पाणी किंवा व्हर्टिसिलियम. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर हे सगळं पुन्हा करावं लागेल.

पावसाळ्यात शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय आता राज्यभर आहे, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे तिने सोयाबीनची उगवती रोपं फस्त केली होती. एका वेळी शंभरावर अंडी मातीत घालते. संध्याकाळी बागेत ओलं गोणपाट आणि त्याखाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवा, सकाळी गोणपाट उचलून खालच्या गोगलगायी गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालाच, तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मीठ मातीवर टाकू नका, त्याने झाड मरतं. जिथे गोगलगायी फिरतात तिथली पालेभाजी कच्ची खाऊ नये.

ज्या गोष्टी मी करू नका म्हणेन

तंबाखूचा काढा. तो झाडापासून आलेला असला तरी निकोटीन जहाल विष आहे, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो. दशपर्णी अर्क शेतावर अनेकजण मनापासून वापरतात, पण त्यात कण्हेर, रुई यांसारखी विषारी पानं असतात, महिनाभर कुजवावा लागतो आणि वास दांडगा. गच्चीवरच्या पालेभाजीवर तो नको. मिरची-लसणाचं पाणी किडीला थोडा वेळ दूर ठेवतं, पण दाट केलं तर कोवळी पानं भाजतात. दोन-तीन उपाय एका बाटलीत मिसळणं तर टाळाच, कारण पान जळलं तर कशाने जळलं हे कळत नाही.

आणि खताचा हात आखडा ठेवा. युरिया तर नकोच, पण शेणखत, पेंड, जीवामृत यांचाही मारा केला की पानं लुसलुशीत होतात आणि मावा-तुडतुडे अशाच पानांवर तुटून पडतात.

हंगाम संपला की

काढलेली झाडं मुळांसकट उपटा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म जंत आहेत: ती माती वेगळी करा, त्यात पुढचा हंगाम झेंडू लावा आणि वांगी-टोमॅटो दुसऱ्या कुंडीत न्या. एप्रिल-मे मध्ये रिकामी माती ओलसर करून पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकाखालीच माती जास्त तापते. कोश, अंडी आणि बुरशीचे बीजाणू बरेचसे तिथेच संपतात. कुंड्या पुन्हा भरताना प्रत्येकीत मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरश्यांना रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतात कालवून घाला.

पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. अंगणात झाड असेल तर फांद्या हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडा. कडुनिंबाखाली साधारण त्याच दिवसांत पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडायला लागतो. चिखलात कुजायच्या आत गोळा करा, गर चोळून धुवा, सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते, म्हणून गोणपाटात किंवा सुती पिशवीत भरून हवेशीर जागी टांगा. पिशवीवर महिना लिहून ठेवा. वर्ष उलटलेल्या निंबोळ्यांचा जोर उतरतो, त्या अर्काला न वापरता कुटून मातीत घाला.